गोळ्यांचे वाटे

सुरगाण्याकडची माणसं एकदा का टोळी करून मजुरीला निघाली, की वाटा सगळ्यांना सारखा. ओढ्यात मूठभर मासे गावले तरी झोपडीगणिक वाटणार. आणि वाटणार कोण, तर अक्काबाई! तिच्या हातचा वाटा कधी कमीजास्त झाला नाही. बाईला त्याचा गर्व होता, आणि का नसावा?

त्या थंडीत टोळी दिंडोरीकडच्या एका द्राक्षबागेत घडांची विरळणी करायला उतरली होती. बागेच्या कडेला प्लास्टिकच्या पालांत सगळी दाटीवाटीनं निजत. आधी टोळीतला झिपरू खोकायला लागला, मग बघता बघता निम्मी टोळी तापानं फणफणली. अक्काबाईची सून पल्लवी पोटुशी, सातवा लागलेला. तीही पडली, तेव्हा मात्र सासूचं धाबं दणाणलं. तिनं सुनेला जीपमध्ये घातलं आणि सरकारी दवाखाना गाठला.

तिथली डॉक्टरीणबाई भली होती. म्हणाली, "आजी, हा फ्लू आहे. तुम्ही कात्रीनं मणी कापता ना? या विषाणूच्या अंगावर तसंच कापणारं एक द्रव्य असतं. आपल्या शरीरातल्या पेशीत नवे विषाणू तयार होतात, पण बाहेर पडताना तिलाच चिकटून बसतात. ते द्रव्य त्यांना कापून मोकळं करतं, की निघाले पुढच्या पेशीकडे. या गोळीनं ती कात्री अडकते. सकाळ-संध्याकाळ एकेक, पाकीट संपेपर्यंत. आणि बाकीच्या आजाऱ्यांनाही घेऊन या."

बाग सोडून सगळे यायचे कसे? पण कात्रीचं मात्र अक्काबाईला पक्कं कळलं, आणि तिथंच घात झाला.

ती सुनेला घेऊन परतली तर पालापालांत माणसं कण्हत पडलेली. झिपरूची नजर तिच्या हातातल्या पाकिटावर. एकट्या सुनेला औषध चारायचं आणि बाकीच्यांनी तोंडाकडं बघत बसायचं? छे! असलं पाप तिच्यानं झालं नसतं.

"एकेक घ्या रं," ती म्हणाली. "सगळ्यांचीच कात्री अडकू दे."

"आये, डाक्टरीण म्हणली पल्लवीलाच..." मुलगा हिरामण कुरकुरला.

"गप बस! बायकोपुरतं बघतोस व्हय?"

पल्लवीला दोन आल्या, पोटातल्याचा वाटा धरून.

पुढं पल्लवीला धाप लागली, ओठ निळे पडले. नाशिकच्या मोठ्या दवाखान्यात नळ्या लावल्या. "गोळ्या पूर्ण घेतल्या होत्या का?" तिथल्या डॉक्टरांनी विचारलं. अक्काबाईनं होतं ते सांगितलं.

डॉक्टर म्हणाले, "एकेका गोळीनं कुणालाच उपयोग झाला नसणार, आजी. बाकीचे उठतील आपल्या अंगच्या ताकदीनं. हिला मात्र सगळ्या लागत होत्या."

"दिल्या असत्या तर?"

"खात्री देता येत नाही. पण आशा होती."

दुसऱ्या दिवशी दुपारी पल्लवी गेली. पोटातलंही गेलं.

माती देऊन सगळी पालांवर आली. हिरामण आईशी बोलत नव्हता. झिपरू मात्र उठला, खडखडीत बरा झालेला, आणि अक्काबाईच्या पाया पडला.

"आक्का, मी तं मेलोच व्हतो. तुझ्या गोळीनं उठलो बघ."

बाकीच्यांनीही माना डोलावल्या. अक्काबाईनं पाय मागं घेतले.

"तू तसाबी उठला असतास, झिपरू," ती म्हणाली. "त्या गोळीवाचून मेली ती माझी पल्लवी."