तपासणीच्या दिवशी मी सुरू झाले

त्या दिवशी पौषातलं धुकं होतं. आमच्या माण तालुक्याला पाऊस चुकतो, पण पौषातली थंडी चुकत नाही. बांधावरच्या बाभळी दिसत नव्हत्या, शेळ्या नुसत्या ऐकू येत होत्या. माझ्या काचेवरून दव ओघळत होतं. बोनेट इतकं गार पडलेलं की मालकानं हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

मी एक पांढरी चारचाकी गाडी बोलतेय. वय सव्वादोन वर्षं. त्यातले आठ-नऊ महिने या छपराखाली उभी आहे. बसा जरा, सांगते. मला कुठं जायचं नाही.

मी जन्मले ती कारखान्यातल्या एका लांबच लांब पट्ट्यावर. पट्टा पुढं सरकत राहतो, माणसं जागेवर उभी. कुणी दार बसवतं, कुणी काच. माझ्या पोटात वायरींचा एक जाड जुडगा आहे. त्याचा चाप दाबला की टिक असा आवाज यायला पाहिजे. माझ्या वेळी तो आला नाही. दाबणाऱ्याचा हात आखडला होता, का पट्टाच पुढं निघून गेला, कोण जाणे. त्याला मी बोल लावत नाही. पण माझं कुठं दुखतं ते मला तेव्हापासून ठाऊक आहे. सांगता तेवढं येत नाही.

मला घेतलं लालासाहेबांनी. गाव त्यांना आबा म्हणतं. बावीस वर्षं फौजेत ट्रक चालवलेला माणूस. हौसेसाठी नाही घेतलं. त्यांच्या मालकीणबाई रंगूबाई, त्यांच्या दोन्ही किडन्या थकल्या होत्या. आठवड्यातून दोनदा साताऱ्याला डायलिसिसला न्यावं लागायचं. एसटीनं जाताना कसंबसं भागायचं, पण येताना त्यांना बसवत नसे. मागच्या सीटवर आडवं होता यावं, एवढ्यासाठी मी.

दसऱ्याला घरी आले. झेंडूचं तोरण घालून आधी औंधला यमाईच्या दर्शनाला नेलं. रंगूबाईंनी माझ्या बोनेटवरून हात फिरवला.

"आपली सून मुंबईत. आता हिलाच सून म्हणायचं," त्या म्हणाल्या.

"ही उलटून बोलायची न्हाई," आबा म्हणाले.

तिसऱ्या आठवड्यात मी उलटून बोललेच. साताऱ्याहून परत येताना, वर्धनगडच्या घाटात. इंजिन चांगलं तापलं, चढावर जोर लागला, आणि माझ्या पोटातला तो सैल चाप सुटला. सगळे दिवे एकदम पेटले आणि मी मेले. आबांनी मला कडेला घेतलं. मागं रंगूबाई तोंडावर पदर घेऊन पडलेल्या. अर्ध्या तासानं मी थंड झाले, चाप आपोआप टेकला आणि मी काही झालंच नाही अशी सुरू झाले.

असं वरचेवर व्हायला लागलं. आबा शोरूमला न्यायचे. पण तिथं पोचेपर्यंत मी गार, आणि गार असले की मी शहाण्यासारखी चालते. कॉम्प्युटर लावायचे, त्याला काही दिसायचं नाही. मग मला धुऊन पुसून बाहेर आणायचे. एक पोरगं आबांना चहा द्यायचं आणि कागद पुढं करायचं. "गाडी समाधानकारक मिळाली" असं त्यावर छापलेलं असायचं. आबा सही करायचे. फौजेत पुढ्यात आलेल्या कागदावर सही करायची असते, वाचायची नसते. अशा सहा सह्या झाल्या.

सातव्यांदा बंद पडले तेव्हा दुसऱ्या वर्षाचा वैशाख होता. घाटात दोन तास मी हलले नाही. रंगूबाईंना उलट्या झाल्या, ओठ पांढरे पडले. शेवटी कांद्याच्या टेम्पोवाल्यानं त्यांना पुढं बसवून घरी आणलं. मी तिथंच कडेला उभी. त्या दिवशी आबांनी ठरवलं, आता शोरूमला विनवायचं नाही.

गार झाल्यावर मला घरी आणलं, आणि मलाच घेऊन ते वडूजला शिवांजली वकिलांकडं गेले. तरणी बाई, पण बोलणं सरळ. ती माझ्या दाराशी उभी राहून म्हणाली, "आबा, दुरुस्ती करा म्हणून हात जोडायचं कारण नाही. दोष मुळातलाच असला तर गाडी बदलून द्या नाहीतर पैसे परत करा, असं मागायचा तुमचा हक्क आहे. तक्रार आपल्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते. दोन वर्षांच्या आत करावी लागते, ती आपण करतोय."

हक्क हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. बरं वाटलं.

पण आयोगापुढं कंपनीच्या वकिलानं ते सहा कागद एकावर एक मांडले. ग्राहक सहाही वेळा समाधानी आहे, म्हणाला.

"आबा, सहा वेळा सही केलीत?" शिवांजलीनं बाहेर आल्यावर विचारलं.

"त्या पोरानं चा दिला हुता. त्येचं मन कसं मोडायचं?"

घरी येऊन आबांनीच हे रंगूबाईंना सांगितलं, तेव्हा मी ऐकलं. तुम्ही कधी गाडी घेतलीत तर एवढं करा. चहा प्या, पण कागद वाचा. गाडी परत बंद पडली असेल तर तसं त्यावर आपल्या हातानं लिहा. मोडकं तोडकं लिहिलं तरी चालतं.

आता सगळं तज्ज्ञाच्या अहवालावर येऊन थांबलं. आयोगानं एका कॉलेजातले इंजिनियर नेमले. ते येईपर्यंत मला कुणी हात लावायचा नव्हता.

आमच्या शेजारी शमशेर राहतो. हमरस्त्याला त्याचं गॅरेज आहे, आणि दिवसभर त्याच कामात धावणारी त्याची एक जुनी गाडी. तो रोज जाता येता माझ्याकडं बघायचा.

"आबा, एक दुपार द्या नुस्ती. डॅशबोर्ड खोलतो. ही तापल्यावरच मरती, म्हंजे वायरिंगच हाय."

"वकीलबाई नगं म्हणती."

"का? मी काय गाडी खाणार हाय?"

"तू खोललीस की ते म्हणणार, तुमच्याच मिस्त्रीनं बिघडवली."

म्हणून मी उभी राहिले. मी साक्षीदार होते, आणि साक्षीदाराला बरं व्हायची मुभा नव्हती. रंगूबाई वडापच्या जीपमध्ये दहा माणसांत चेंगरून साताऱ्याला जायच्या. जीप भरेपर्यंत ती हलायची नाही. कधी उशीर व्हायचा, कधी डायलिसिसची पाळीच चुकायची. त्यांचे पाय सुजत चालले. ओट्यावर बसून त्या बोटानं नडगी दाबून बघायच्या. बोट काढलं तरी खड्डा तसाच राहायचा.

तपासणीच्या आदल्या दिवशी शिवांजलीचा फोन आला. "गाडी आहे तशी राहू द्या हं, आबा."

आबा हो म्हणाले. आणि फोन ठेवून बादली घेऊन आले.

त्यांचं काय चुकलं सांगू? बावीस वर्षं त्यांनी एकच शिकलं होतं. साहेब तपासणीला येणार म्हणजे गाडी उजळली पाहिजे. आहे तशी म्हणजे खोलायची नाही, एवढंच त्यांनी धरलं. त्यांनी मला धुतलं. पंपानं चाकात हवा भरली. फिल्टर झटकला. बॅटरी चार्ज केली, तिची टोकं घासून लख्ख केली. बोनेटखालच्या वायरी हातानं चाचपून नीट बसवल्या.

"लगीन हाय का तिचं?" रंगूबाईंनी ओट्यावरून विचारलं.

"साहेब यायचाय."

"मग पावडर बी लावा."

दोघंही हसले. कितीतरी महिन्यांनी हसले. आणि मलाही, खरं सांगते, इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं.

सकाळी धुक्यातून इंजिनियर आले. सोबत कंपनीचा माणूस. इंजिनियर भला गृहस्थ होता. आधी रंगूबाईंची चौकशी केली, मग किल्ली घेतली.

मी मनात म्हणत होते, नको. आज नको सुरू होऊ.

पहिल्याच झटक्याला मी सुरू झाले. एवढ्या थंडीत, इतके महिने उभी असून. आवाज सुद्धा कसा, मऊ. आबांच्या तोंडावर क्षणभर अभिमान आला. तो मी पाहिला. मग त्यांच्या ध्यानात आलं, आणि तोंड उतरलं.

इंजिनियरनी मला गावच्या सपाट रस्त्यावर दोन चकरा फिरवलं. यंत्र लावलं.

"साहेब, घाटात नेऊ या. तापली की मरती," आबा म्हणाले.

"पत्रात वाहन उभं आहे तिथं तपासणी असं लिहिलंय," कंपनीचा माणूस म्हणाला. इंजिनियरनी पत्र दोनदा वाचलं. मग मान हलवली, आणि लिहिलं. "तपासणीच्या वेळी दोष आढळून आला नाही. वाहनाची निगा उत्तम."

शिवांजली फोनवर म्हणाली, अहवालावर हरकत घेता येते. घाटात, गाडी तापवून पुन्हा तपासणी मागू. पुढची तारीख दोन महिन्यांनी. तोवर हात लावू नका, अगदी पुसू सुद्धा नका.

"दोन म्हयनं लय झालं वो," रंगूबाई एवढंच म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांची डायलिसिसची पाळी होती. मागच्या दोन चुकल्या होत्या.

सकाळी आबांनी शमशेरला हाक मारली. तो पान्यांची पेटी घेऊन आला. आबांनी स्वतः बोनेट उघडलं.

"खोल रं. हक्क गेला चुलीत. तुझ्या काकीला आज साताऱ्याला न्यायची हाय."

शमशेर वाकला. घासून लख्ख केलेली बॅटरी त्यानं पाहिली, नीट बसवलेल्या वायरी पाहिल्या. हे कुणी केलं आणि कालची तपासणी का फसली ते त्याला कळलं. आत डॅशबोर्डाखाली हात घातला असता तर त्याच्या बोटांना तो सैल चाप लागला असता. मी वाट बघत होते. माझ्या दुखण्याच्या इतक्या जवळ कुणीच आलं नव्हतं.

त्यानं पेटी उघडली नाही. बोनेट हळू खाली घेतलं आणि आबांच्या खांद्यावर हात ठेवला.

"आबा, तारीख व्हईस्तवर काकीला मी न्हेतो माझ्या गाडीतनं, दर पाळीला. हिला अजून थोडं दिस आजारीच राहू द्या."