हसत खेळायचा खेळ

“पण त्यात घाम येतो का?” अण्णासाहेबांनी विचारलं.

आम्रपालीला वाटलं, चेष्टा करताहेत. पण अण्णासाहेब चेष्टा करणाऱ्यांतले नव्हते. चाकणच्या त्या पार्ट्स कंपनीत ते क्रीडा समितीचे अध्यक्ष होते. महाळुंग्याच्या मातीत कबड्डी खेळून वाढलेला माणूस, एक कान पकडापकडीत कायमचा मुरगळलेला. खेळ कशाला म्हणायचं हे ठरवायचं काम कंपनीनं त्यांच्यावर सोपवलं होतं, आणि तो कान बघितल्यावर त्यांच्याशी वाद घालायची कुणाची छाती होत नसे.

“येतो की, अण्णा. नाचात क्विकस्टेपचा एक राउंड झाला की ब्लाउज पिळून काढावा लागतो,” ती बोलून गेली, आणि तीन पुरुषांसमोर आपण हे काय बोललो म्हणून तिनं जीभ चावली.

दुसरे पुरुष एचआरचे प्रीतम सर. ते लॅपटॉपात डोकं घालून बसले होते. तिसरा स्टोअरचा पिंटू. पिंटू कॅरम खेळायचा. दरवर्षी क्रीडा रजा घेऊन स्पर्धेला जायचा, खुर्चीत बसून खेळायचा आणि थोडं वजन वाढवून परत यायचा. कॅरम हा खेळ आहे की नाही, असं त्याला आजवर कुणी विचारलं नव्हतं.

तिला चार दिवसांची क्रीडा रजा हवी होती. बॉलरूम डान्सच्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी तिची आणि तिच्या नवऱ्याची, धम्मरत्नची, जोडी निवडली गेली होती. लग्नाच्या आधीपासून दोघं जोडीनं नाचत आणि दरवर्षी राज्याच्या फेरीतूनच हात हलवत घरी येत. या वर्षी एकदाचा नंबर लागला. आणि याच वर्षी डॉक्टरांनी तिच्या गुडघ्याचा फोटो उजेडात धरून सांगितलं, एवढी स्पर्धा करून घ्या, पुढे जिनासुद्धा जपून चढायचा. बाकीच्या सगळ्या रजा सासूबाईंच्या आजारपणात संपल्या होत्या. सुपरवायझरकडे बिनपगारी मागितली, तर तो म्हणाला, लाइन बंद ठेवू का तुमच्यासाठी? न सांगता जावं, तर घर तिच्याच नोकरीवर चाललेलं. धम्मरत्न रहाटणीत लग्नघरच्या मावश्या-आत्यांना संगीताच्या कार्यक्रमासाठी नाच शिकवायचा, आणि तो धंदा मुहूर्त असतील तेव्हापुरता.

“पॉलिसीत स्पोर्ट्स लिहिलंय, मॅडम,” प्रीतम सर म्हणाले. “डान्स कल्चरलमध्ये येतो. कल्चरलला लीव्ह नाही.”

“सर, ही पण स्पर्धाच आहे. परीक्षक असतात, मार्क असतात, जोड्या बाद होतात.”

“परीक्षक तर रांगोळीला पण असतात, ताई,” पिंटू म्हणाला.

सगळे हसले. तीही हसली. मनातून तिला पिंटूचा स्ट्रायकर खिडकीबाहेर भिरकावून द्यावासा वाटत होता.

अण्णासाहेब मात्र हसले नाहीत. “हे बघ पोरी, मला त्यातलं काय बी कळत न्हाई. पन न बघताच न्हाई म्हनायचं, हे काय बरं न्हाई. उद्या पैली शिफ्ट सुटली की नवऱ्याला बोलीव आन् डिस्पॅचमदी नाचून दावा. दम दिसला तर मी सही करतो. माजा शब्द हाय.”

त्या शब्दावर आम्रपाली रात्रभर जगली.

दुसऱ्या दिवशी दुपारी धम्मरत्न स्कूटरवर आला. केस चापून बसवलेले, काळी पँट कडक इस्त्रीची, पिशवीत दोघांचे नाचाचे बूट. गेटवर सिक्युरिटीनं त्याचा फोन काढून घेतला. आत कॅमेरा चालत नाही. गाणं त्याच फोनमध्ये होतं. बूटही गेटवरच राहिले, कारण जमिनीवरच्या पिवळ्या पट्ट्याच्या आत पोलादी टोकाचे सेफ्टी शूज घातल्याशिवाय कुणालाच पाय टाकता येत नसे. पाहुण्यांसाठी ठेवलेली एक जोडी त्यानं पायात चढवली. ती त्याला ढगळ झाली.

“गाणं नाही, बूट नाहीत,” तो हळूच म्हणाला. “अमू, राहू दे म्हणायचं का?”

“तू मोज. मी ऐकते.”

माल गेल्यामुळे डिस्पॅचची मधली जागा रिकामी होती. शिफ्ट सुटलेली माणसं बसची घाई सोडून कडेनं उभी राहिली. लाइनवरच्या बायका तोंडाला ओढणी लावून कुजबुजत होत्या. धम्मरत्नानं तिच्या पाठीवर हात ठेवला, ओठांतल्या ओठांत मोजायला सुरुवात केली, आणि दोघं निघाली.

सेफ्टी शूज घालून क्विकस्टेप कुणी करू नये. प्रत्येक उडीला पोलादाची कड तिच्या अंगठ्यावर बसत होती. पहिल्या वळणाला गुडघ्यात कळ आली, दुसऱ्या वळणाला ती मांडीपर्यंत चढली. छाती फुटेल असं वाटत होतं. आणि चेहऱ्यावर हसू होतं. दोघांना शिकवणाऱ्या सरांनी ते हसू अंगात भिनवलं होतं. परीक्षकाला कष्ट दिसले की मार्क गेले. श्वास नाकानं घ्यायचा, चेहरा हसरा ठेवायचा आणि फ्लोअर सोडेपर्यंत मान खाली घालायची नाही. ती पोळ्या लाटताना हसायचा सराव करायची. सासूबाईंना आधी वाटायचं, सुनेला काहीतरी लागीर झालंय.

दोघं थांबली तेव्हा शिट्ट्या पडल्या. टाळ्या काही थांबेनात. कुणीतरी “वन्स मोर” ओरडलं. आम्रपालीला वाटलं, झालं, मिळाली रजा.

अण्णासाहेब जवळ आले. चढाई करून परतलेल्या गड्याकडे बघावं तसं त्यांनी तिच्या तोंडाकडे बारकाईनं बघितलं. मग धम्मरत्नच्या तोंडाकडे बघितलं.

“दम लागलेला दिसंना.”

“लागलाय, अण्णा,” ती म्हणाली. पण म्हणाली हसून, आणि आवाज जराही फाटला नाही.

धम्मरत्नचा हात अजून तिच्या पाठीवर होता. तिच्या बरगड्या कशा उडताहेत हे त्या सगळ्या माणसांत एकट्या त्यालाच कळत होतं. “अण्णा, तिची नाडी बघा. नुसता हात लावून बघा.”

अण्णासाहेब दचकून मागे सरले. “छ्या! परक्याच्या लक्षुमीचा हात कसा धरू?” त्यांनी प्रीतम सरांकडे बघितलं. सर म्हणाले, पॉलिसीत तशी सोय नाही.

“पोरी, लई ग्वाड नाचता तुमी. खोटं बोलत न्हाई,” अण्णासाहेब म्हणाले. त्यांना खरोखर वाईट वाटत होतं. “पन कबड्डीत कुनाला हसताना बघितलंस का? चढाई मारून आलेला गडी जीभ भाईर काढून पडतो. तुमी लग्नातल्या फोटोवानी हुबं हाय. ह्यो खेळ न्हाई. मी खोटी सही कशी करू?”

आता तिथल्या तिथं मटकन बसावं, तोंड उघडून धापा टाकाव्यात, गुडघा धरून ओरडावं, म्हणजे सही मिळेल, हे तिला स्वच्छ कळत होतं. सगळं खरंच तर होतं. पण तिला ते जमेना. इतकी वर्षं जे लपवायला शिकली, ते आता दाखवायचं कसं, हे अंगाला ठाऊकच नव्हतं. ती तशीच उभी राहिली, मान वर आणि हसू जागच्या जागी.

“टॅलेंट वाया जाणार नाही, मॅडम,” प्रीतम सर म्हणाले. “खंडेनवमीला मशिनांची पूजा झाली की सगळ्यांच्या फॅमिली येतात ना, तेव्हा तुमचाच आयटम ठेवू.”

“थँक यू, सर,” ती म्हणाली.

माणसं बसकडे पळाली. जाता जाता पिंटूनं धम्मरत्नच्या खांद्यावर थाप मारली, “एक नंबर, भावा.”

गेटवर सिक्युरिटीवाल्या काकांनी फोन आणि पिशवी परत दिली. आतल्या टाळ्या त्यांच्यापर्यंत पोचल्या होत्या. “ताई, पुतणीची हळद हाय पुढच्या म्हैन्यात. याल का नाचायला? लोक खूश होतील.”

“येऊ की, काका,” आम्रपाली हसून म्हणाली.

धम्मरत्नच्या कोपरात हात घालून ती ताठ मानेनं बाहेर पडली. रांगेनं उभ्या ट्रकांच्या कडेनं दोघं स्कूटरकडे चालली. काका मागून कौतुकानं बघत होते. तिचं पाऊल कुठं वाकडं पडलं नाही.

कंपनीची भिंत संपली तशी ती रस्त्याच्या कडेला दगडावर बसली. धम्मरत्न खाली वाकला आणि तिच्या बुटाची नाडी सोडू लागला. मोजा अंगठ्यापाशी लाल होऊन चिकटला होता. तो ओढताना तिनं तोंड उघडलं आणि मोठमोठ्यानं धापा टाकायला लागली. शेजारून निघालेल्या कंपनीच्या शेवटच्या बसची काच खाली होती, पण आतली माणसं पलीकडे बघत होती.