रोबो की दुर्बीण, हाजी?

आमच्या हाजींना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, कॅन्सर झाला शौचाच्या जागेला, आणि डोकं फिरायची वेळ आली माझी.

इजिप्तमधल्या दुम्यात गावच्या आमच्या गल्लीत घरटी एक सुतार आहे. त्या दिवसांत घरटी एक सर्जनही झाला होता. जो तो चहा प्यायला यायचा आणि मत देऊन जायचा. "रोबोनेच करा, हाजी शौकी. माझ्या मेव्हण्याचं कैरोत झालं, आता पळतोय." दुसरा म्हणायचा, "छे! मध्येच वीज गेली म्हणजे? आपली दुर्बीणच बरी." हाजी दोघांपुढेही मान डोलवायचे. मी चहा उकळून उकळून आंबून गेले.

खरं तर मन्सूरा शहरातल्या डॉक्टर लुत्फींनी पहिल्याच भेटीत सगळं सरळ सांगितलं होतं. "हे बघा हाजी, दोन्हींत पोटावर छोटी छोटी भोकंच पाडायची. दुर्बिणीत हत्यारं माझ्या हातात असतात. रोबोत हत्यारं मशीनच्या हातात आणि मशीन माझ्या हातात. तुमची गाठ खाली आहे, जागा अरुंद. तिथे रोबोचं मनगट जरा सहज वळतं, हे खरं. पण वेळ जास्त, खर्च जास्त, आणि कॅन्सर बरा होण्याचं म्हणाल तर निकाल साधारण सारखेच. माझा हात दुर्बिणीवर बसलाय. किरणांचे शेक देऊन गाठ आकसलीय, आता उशीर नको."

यात न समजण्यासारखं काय आहे? पण आमचे हाजी म्हणाले, "विचार करतो."

मग आम्ही कैरोला गेलो. तिथल्या डॉक्टरकडे रोबो होता, म्हणून त्याने रोबो सांगितला. ज्याच्या वखारीत जे लाकूड, तो तेच टिकाऊ म्हणणार. बरं, रोबो तर रोबो. त्याने तारीख दिली, तर हाजींनी तीही परत केली. "दुर्बिणीचं पुन्हा एकदा विचारून बघू."

आणि हे कोण करतंय? ज्याने उभा जन्म कोरीवकामाच्या मशीनला शिव्या घातल्या तो माणूस! "मशीनच्या गुलाबात जीव नसतो," असं गिऱ्हाइकाला ऐकवणारा. मी म्हटलं, "खुर्चीच्या पाठीवर मशीन चालत नाही, आणि स्वतःच्या बुडाला हवं?"

"हळू बोल इन्शिराह, खाली ऐकू जाईल."

खाली म्हणजे आमच्याच इमारतीच्या तळमजल्यावरची छोटी मशीद. तिथे हाजी पुढे उभे राहून नमाज पढवतात. पगार नाही, नेमणूक नाही, पण ती पुढची जागा त्यांची. घरी पढायची वेळ आली तरी ते पुढे, मी मागे. कुराणाची आयत चुकले की मी टाळी वाजवते. नमाजेत बाईने बोलायचं नसतं, टाळी चालते. लग्नापासून माझं तेवढंच त्यांनी मुकाट ऐकलंय.

लुत्फींकडे पुन्हा गेलो तेव्हा मात्र माझा तोल सुटला. "हाजी, तुमचं घोडं अडलंय कुठे ते एकदाचं बोला! रोबो म्हटलं की दुर्बीण, दुर्बीण म्हटलं की रोबो. गाठ काय तुमच्या निकालाची वाट बघत बसणार आहे?"

हाजी जमिनीकडे बघत म्हणाले, "डॉक्टर, पिशवी कशात लागत नाही?"

"दोन्हींत लागेल," लुत्फी म्हणाले. "आतडं जोडलं की सांधा भरून येईपर्यंत पोटावर शौचाची पिशवी. बहुतेकांची काही महिन्यांनी निघते. ते मशीनवर नाही, गाठ किती खाली आहे त्यावर. आणि असेच रेंगाळलात तर कायमची लावावी लागेल."

"मग मी पुढे कसा उभा राहू?" हाजींचा आवाज फुटला. "पिशवीत सारखं येत राहणार. हातपाय धुऊन केलेली वजूच टिकणार नाही, मी पाकच राहणार नाही, तर लोकांची नमाज काय पढवू?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एका चटईएवढ्या जागेसाठी हा माणूस मरायला निघाला होता! आणि मी वेडी रोबोची मनगटं समजून घेत बसले होते. मग कळलं, धर्माचं सांगणाऱ्या शेखांनाही गुपचूप विचारून झालं होतं. दोघे म्हणाले चालतं, एक म्हणाला नाही. डॉक्टरांत गोड बोलणारा शोधत फिरले, आणि शेखांत घाबरवणारा धरून बसले!

"दुर्बीण," मी लुत्फींना म्हटलं. "तारीख द्या." हाजींनी पहिल्यांदाच "विचार करतो" म्हटलं नाही.

गाठ स्वच्छ निघाली. पिशवीही लागली. टाके सुकले, हाजी हिंडूफिरू लागले, पण खाली काही जाईनात. बांग झाली की भिंतीकडे तोंड करून पडायचे. खालून दुसऱ्याच कुणाचा आवाज यायचा. मला रडू यायचं आणि त्यांचा रागही यायचा.

एका संध्याकाळी मग्रिबच्या बांगेला मी दोन चटया अंथरल्या, एक पुढे, एक मागे.

"तुझी तू पढ," हाजी म्हणाले. "माझ्यामागे तुझी नमाज व्हायची नाही."

"झाली नाही तर अल्लाहला जाब मी देईन. दोन शेख चालतं म्हणालेत, मला दोन पुरे. उठा!"

कुरकुरत उठले. पिशवी बदलून, वजू करून आले आणि पुढे उभे राहिले. आवाज बारीक झाला होता, पण पढू लागले. तेवढ्यात पोटावरची पिशवी गुरगुरली, चांगली मोठ्याने. हाजी आयतीच्या मधोमध थांबले. खांदे पडले. चटई सोडायला एक पाय मागे आला.

बोलायची सोय नव्हती. मी टाळी वाजवली. ते तसेच. मी पुन्हा वाजवली, हात चुरचुरेपर्यंत.

पाय जागेवर गेला. हाजी खाकरले आणि पुढे पढू लागले, तेही एक आयत गाळून.

मी तिसरी टाळी वाजवली.