आखरावरची काडी

यंत्र बिघडलं तर मिस्त्री बोलावता येतो. पण यंत्र बांधणाराच चुकला तर कोणाला बोलवायचं, मंडळी?

एकोणीसशे ऐंशी सालची गोष्ट. सेलूजवळच्या आपल्या गावात प्रभाकररावांनी गोबर गॅसची टाकी बांधली. त्यांच्यासकट चार मोठ्या घरांत निळी ज्योत पेटली, त्यातल्याच महादेवरावांच्या बैठकीत गॅसबत्ती लागली आणि प्रभाकररावांची छाती गजभर फुगली.

आठव्या दिवशी सकाळी ते पोळी खात बसले असताना मजुरीवर जगणारी रुखमा दारात आली.

"देवकाबाई, चार पऱ्हाट्या देता का जाळाले? कालपासून चूल पेटली नाई."

"काऊन वं? गोवऱ्या कुठी गेल्या?" प्रभाकररावांच्या आईनं विचारलं.

"आखरावरचं सारं शेण टाकीत जाऊन राह्यलं. म्या काडी रोवली होती, तो पो सुद्धा तुमच्या गड्यानं उचलला. लेकरायनं काल कच्चं पीठ पाण्यात कालवून खाल्लं."

आखर म्हणजे गावाबाहेर गुरं जमायची जागा. तिथल्या शेणाच्या पोवर जिनं काडी रोवली, तो पो तिचा. ही रीत पाटीलही मोडत नसे.

प्रभाकररावांना आधी रागच आला. "आई, टाकीचं पोट मोठं हाय. आखर धरूनच मी नकाशा काढला."

"आखर धरला, पण हिले इचारलं काय?" देवकाबाई म्हणाल्या. "माह्या डोयातला धूर गेला, बरं झालं. पण हिच्या लेकराचा घास गेला ना, बाप्पा. तुहं यंत्र अर्धंच झालं."

प्रभाकररावांनी हातातली पोळी ताटात ठेवली. त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

दुपारी त्यांनी आखरावरच्या बायांना बोलावून त्यांच्यासमोर नकाशा पुन्हा मांडला.

"मंग माह्या बैठकीतली बत्ती?" महादेवराव कुरकुरले.

"कंदील लावा, काकाजी. तो गॅस आता आखरावर जाईन."

आखराजवळ छपरी उभी राहिली, दोन शेगड्या आल्या. शेण आणणारीचा शेगडीवर पहिला हक्क. "भाऊ, ओटा नोका बांधू, आमी बसून रांधतो," रुखमा म्हणाली, आणि प्रभाकररावांनी नकाशातला ओटा खोडला. पहिल्या दिवशी तिच्या लेकरांनी गरम भाकर खाल्ली.

मंडळी, नवं यंत्र जरूर आणा. पण ज्याचं पोट त्यावर चालायचं किंवा मरायचं, त्याला पहिली रेघ ओढायच्या आधी विचारा. प्रभाकरराव तर पुढं प्रत्येक नकाशाच्या कोपऱ्यात आधी एक काडी काढत, आणि ती कोणाची हे कळेपर्यंत पेन्सिल पुढं सरकत नसे.