तीन नावांची गोधडी

हॉलंडच्या त्या दुकानाचा हेतू चांगला होता, हे आधीच सांगून टाकतो. उगाच परक्यांच्या डोक्यावर खापर फोडायची आपल्याला सवय आहे. गरीब बायांच्या हातची वस्तू मध्ये दलाल न घेता विकायची, आणि घेणाऱ्याला करणारीचं नाव कळावं म्हणून प्रत्येक वस्तूला चिठ्ठी लावायची, असं त्यांचं होतं. शहात्तर साली आमच्या जऊळक्याच्या बौद्धपुऱ्यातल्या गोधड्या त्यांनी मागवल्या. शाळामास्तर म्हणून चिठ्ठ्या लिहायचं काम माझ्याकडे आलं. मास्तरच्या हाती एक नियम दिला की त्याला दोन पिल्लं होतात. एका गोधडीला एकच नाव, असं मी परस्पर ठरवून टाकलं.

आमच्याकडे गोधडी कुणी एकटीनं शिवत नसे. विहारासमोरच्या अंगणात ती पसरायची. विमलबाई एका कडेनं, लिलाबाई दुसऱ्या कडेनं टाके घालत आत सरकायच्या, आणि शेवटी भागिरथामाय चारही कोपऱ्यांना कापडाची फुलं लावायची. तिला मूलबाळ नव्हतं, नवरा जाऊन वीस वर्षं झाली होती, डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. फुलं ती बोटांनी चाचपून लावी. तिचं बोलणं, हसणं, दुसरीच्या सुनेला नावं ठेवणं, सगळं त्या अंगणातच व्हायचं.

माझा नियम आला आणि विमलबाई, लिलाबाई आपापली गोधडी घेऊन आपापल्या ओट्यावर बसल्या. त्यांचंही काही चुकलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं नाव कुठंतरी जाणार होतं. भागिरथामाय काही दिवस सुई घेऊन अंगणात येऊन बसली, मग येईनाशी झाली.

आठ महिन्यांनी तिनं मला घरी बोलावलं. एकटीनं अख्खी गोधडी शिवली होती. टाके वाट फुटेल तिकडे गेलेले. चार कोपऱ्यांची फुलं मात्र नेटकी. मला स्वतःची लाज वाटली. त्याच दिवशी मी हॉलंडला पत्र टाकलं आणि एका गोधडीवर जास्त नावं चालतील का, असं विचारलं. उत्तर आलं की हवी तेवढी लिहा, एकच लिहा असं आम्ही कधी म्हटलं होतं?

ते पत्र घेऊन मी आधी विमलबाईकडे गेलो. तिनं सुई थांबवली नाही. आता एकटीचा हात बसला, म्हणाली. लिलाबाईचंही तेच. मग भागिरथामायला जाऊन पत्र वाचून दाखवलं, त्या दोघींचं मात्र सांगितलं नाही. तिनं ते ओळखलं.

"येत नाई न त्या?"

मी पत्र खिशात ठेवलं. तिनं गोधडीची घडी माझ्यापुढं सरकवली आणि चिठ्ठीवर लिहायला नावं सांगू लागली. विमल, लिला, भागिरथा.

"माय, त्यायनं तं एक टाका नाई घातला हिच्यात."

"लिही बापा," ती म्हणाली. "एकटीनं शिवली म्हनून दुनियेले काहून सांगाचं?"

मी तिन्ही नावं लिहिली. पुढं त्या दुकानासाठी शंभरेक चिठ्ठ्या लिहिल्या असतील. खोटी तेवढी एकच, आणि ती माझ्यामुळं लिहावी लागली.