स्लॅबचं जेवण

मिक्सरची घरघर थांबली आणि खालून आकाराम मुकादमाची हाक आली, "चला रं, पत्रावळ्या मांडल्यात."

राखाडी झालेले हात धुवायला बॅरेलभोवती झुंबड उडाली. स्लॅब ओतून झाला की ठेकेदारानं कामगारांना मटणाचं जेवण घालायचं, ही इथली रीत. मग ते कुणाचं घर असो नाहीतर हे सार्वजनिक वाहनतळ. नागसेन कुरणेनंही हात धुतले, पण तो उलट्या दिशेला निघाला. रॅम्पच्या कडेच्या खांबाला टेकून त्यानं पिशवीतून डबा काढला.

तो ठेकेदाराचा माणूस नव्हता. काँक्रीट आणि सळईचं काम नीट होतंय का हे बघायला वाहनतळ समितीनं एक कंपनी नेमली होती, तिचा तो इथला माणूस. ज्याच्या कामावर सही करायची त्याच्या पंगतीला बसायचं नाही, हा नियम त्याला कुणी घालून दिलेला नव्हता. त्याचा बाप दादासो गावच्या लग्नांत उकिरड्याजवळ बसून जेवला, कारण त्याला तिथंच बसवलं जायचं. नागसेन वेगळा बसायचा तो आपल्या मर्जीनं. लांबून बघणाऱ्याला दोन्ही बसणी सारखीच दिसतात, त्याला तो काय करणार?

समोरच्या खांबाजवळ शिवम्मा बसायची. संकेश्वराकडची बाई, काँक्रीटवर पाणी मारायच्या कामाला होती. गळ्यात लिंग, मटण चालत नाही, म्हणून स्लॅबच्या दिवशी तीही आपली भाकरी घेऊन बाजूला. दोन वर्षं हे असंच चाललं होतं. कामाचं बोलणं व्हायचं, पण जेवताना नागसेन तिच्याकडं पाठ करायचा. ती लिंगायत, आपण बौद्ध. आपल्या डब्याशेजारी ती कशाला डबा ठेवील? असले अंदाज बांधायला आपल्या मुलखात शिकावं लागत नाही, जन्माबरोबर मिळतात.

आज त्याचा शेवटचा दिवस होता. पहिल्या मजल्याच्या तुळया त्यानं नापास केल्या होत्या. फळ्या काढल्यावर काँक्रीटमध्ये बोट आत जाईल एवढ्या पोकळ्या दिसल्या, तेव्हा त्यानं काम थांबवलं आणि तुळया फोडायला लावल्या. काम लांबलं. तपासणीचे महिने वाढले, तसं कंपनीचं बिलही वाढलं आणि समितीपुढं विषय आला, वाढीव तपासणी खर्च. एक सभासद म्हणाला की आम्हीपण घरं बांधली, आमच्या उशाला कुठला तपासणीवाला बसला नव्हता. बाकं वाजली. पेपरात आलं की वाहनतळात एक गाडी नाही आणि तपासणीवर उधळपट्टी. खर्च नामंजूर झाला. म्हणजे उद्यापासून नागसेन बंद, आणि अजून व्हायचा असलेला सगळ्यात वरचा स्लॅब देवाच्या भरवशावर.

पोकळ तुळया ओतणाऱ्याला कुणी खर्च म्हटलं नाही. पोकळी दाखवणारा तेवढा खर्च.

डब्याचं झाकण निघतंय तोवर ठेकेदार धैर्यशील स्वतः ताट घेऊन आला. रश्श्याचा वास आधी पोचला.

"कुरणेसाहेब, आता तरी सोवळं सोडा. संपलं की तुमचं."

सही व्हायची आहे अजून, नागसेन म्हणाला.

"सहीचं ऱ्हाऊ द्या. वरचा स्लॅब तुम्हीच बघा, माझा सुपरवायझर म्हणून. पोरगी वारणानगरला शिकती न्हवं? ह्या वयात कुठं दारं वाजवत फिरणार?" त्यानं ताट खाली ठेवलं. आवाजात राग नव्हता, खरं तर मायाच होती, आणि तेच वाईट होतं. "बोलू नका काय. ताट घेतलं की ठरलं असं समजतो."

तो गेला. ताट दोन खांबांच्या मधोमध राहिलं. नागसेननं त्याच्याकडं बघितलं. पोरगी, मनाली, डोळ्यापुढं आली. वरचा स्लॅबही आला. निदान बघायला तरी मिळेल, असं मनात आलं. बघायला मिळेल, आणि पोकळी दिसली तर? तर धन्याला विचारायचं.

"घ्या की सायेब," शिवम्मा पलीकडून म्हणाली. "गार हुतंय."

"न्हाय घ्यायचं."

"तुमी खात न्हाईसाच की."

"कोण म्हणालं? रविवारी आमच्या घरात दुसरं काय शिजत न्हाय."

शिवम्माचा घास हातातच राहिला. "अगं बाई. दोन वर्सं मी तुमास्नी माळकरी समजतोय."

नागसेनला हसू फुटलं. बाबासाहेबांचा फोटो घरात, आणि हिनं गळ्यात तुळशीची माळ घातली होती त्याच्या.

"मग माज्याकडं पाठ करून का बसतासा?"

"मला वाटलं," तो म्हणाला, आणि थांबला. डब्यात बघत म्हणाला, "तुमच्यात चालत नसंल."

ती भाकरीचं फडकं उचलून उठली. चालली ही, असं त्याला वाटलं. तिनं मटणाच्या ताटाला वळसा घातला आणि त्याच्या शेजारी बसकण मारली. त्याच्या डब्यातली वांग्याची फोड भाकरीवर घेऊन खाल्ली.

"मीठ कमी हाय, अण्णा," ती म्हणाली, आणि शेंगांची चटणी त्याच्याकडं सारली.

चटणी लावून त्यानं पुढचा घास घेतला. चटणी तिखट आहे म्हणाला.

आकाराम ताट न्यायला आला तेव्हा रश्श्यावरचा तवंग गोठला होता. मालकास्नी काय सांगू, त्यानं विचारलं.

"सांग, मी डबा आणलाय."

संध्याकाळी नागसेननं स्लॅब कडेनं फिरून बघितला. चांगला पडला होता, म्हणून चांगला पडल्याची सही केली. हेल्मेट खिळ्याला अडकवलं.

"उद्यापास्नं कोण बघणार ह्ये?" शिवम्मानं जेवताना विचारलं होतं.

कोण न्हाय, तो म्हणाला होता.

दुसऱ्या दिवशी शिवाजी पेठेतून जाताना पाय सवयीनं तिकडंच वळले. फाटकावर नवा वॉचमन होता.

"पावणं, आत न्हाय जायचं. काम चालू हाय."

नागसेन रस्ता ओलांडून पलीकडं उभा राहिला. वर मुकादम नव्हता, धैर्यशील नव्हता, सगळे चहाला गेले होते. कालच्या स्लॅबवर शिवम्मा एकटी पाईप घेऊन फिरत होती, मागं मागं सरकत, एक जागा कोरडी न ठेवता. रॅम्पच्या वळणाशी पाईप पुरेना. तिनं तो खाली ठेवला, बादली भरली, कोपऱ्यात नेऊन ओतली. मग वाकून, तळहात टेकून बघितलं, भिजलंय का.