बक्कल नंबर दोनशे सोळा

मित्रांनो, मी पोलिसाच्या कमरेचा एक जुना पट्टा आहे. अंग चामड्याचं, पण मिजास सगळी पितळी बकलाची. त्यावर आकडा कोरलाय, दोनशे सोळा. आमच्यात रीतच अशी, की शिपाई या आकड्यावरूनच ओळखायचा. हजेरीला नाव कुणी घेत नाही.

माझं नशीब थोर, म्हणून चिंचवडच्या चौकीतल्या कोंडाजी शिपायांच्या कमरेला लागलो. माणूस अंगानं काटक. जास्तीची भोकं पाडूनही मी सैलच राहायचो. चोरामागे पळताना ते एका हातानं मला धरत आणि लोक खो खो हसत. पण घरात भांडण पेटलं, की तेच लोक कोंडाजींना बोलवायला धावत. एकदा संचलनात साहेबांनी माझ्या चकाकीचं कौतुक केलं, तेव्हा मी फुगलो आणि कोंडाजी लाजले.

ती दारूबंदीची वर्षं होती. चोरटी दारू टायरच्या ट्यूबांत भरून मुंबई रस्त्यानं पुण्याकडे जायची. एका दुपारी कोंडाजींना निगडीपाशी गाड्या तपासायला उभं केलं होतं. तळेगावकडून एक जीप भरधाव आली. त्यांनी रस्त्यात उभं राहून हात आडवा केला. जीप थांबेना. त्यांना सहज बाजूला उडी मारता आली असती. पण मागे नव्या कारखान्याच्या पायाच्या कामावरून परतणाऱ्या बाया रस्ता ओलांडत होत्या. कोंडाजी वळले, ओरडले, शेवटच्या बाईला ढकलून दिलं, आणि स्वतः मात्र जीपखाली सापडले. मी त्यांच्या कमरेलाच होतो, मित्रांनो. मला काहीच करता आलं नाही.

जीपवाले पुढे पकडले गेले. त्यानं काय होणार होतं?

दिवसकार्य आटोपल्यावर त्यांच्या पत्नी गोजाबाई गणवेश, काठी आणि मला घेऊन चौकीत आल्या. सरकारी वस्तू परत करावीच लागते. जमादार मीरासाहेब कोंडाजींचे जुने सोबती. पट्टा अपघातात तुटला असं लिहितो, तुम्ही ठेवून घ्या, असं म्हणत त्यांनी मला हळूच गोजाबाईंकडे सरकवलं. गोजाबाईंनी मला घट्ट धरलं. मला वाटलं, आता मी घरी जाणार.

"नगं, दादा," त्या म्हणाल्या. "त्यांच्या माघारी त्यांच्या नावावर खोटं नगं."

आणि मला टेबलावर ठेवून त्या निघून गेल्या.

पुढे गोजाबाईंना चौकीतच झाडलोटीचं काम मिळालं. मी मात्र अडगळीच्या खोलीत बुरसत पडलो होतो. एका सकाळी मला बाहेर काढून ज्योतीराम नावाच्या नव्या शिपायाच्या कमरेला बांधलं. हजेरी सुरू झाली.

"दोनशे सोळा," मीरासाहेबांनी पुकारलं.

"हजर," ज्योतीराम म्हणाला.

अंगणातला झाडू थांबला. मीरासाहेबांची मान खाली गेली. गोजाबाई सरळ रांगेपाशी आल्या. माझ्याकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं, पण हात लावला नाही. ज्योतीराम पुरता बावरून गेला होता.

"लेकरा," त्या त्याला म्हणाल्या, "गाडी थांबत न्हाई असं दिसलं, तर तू बाजूला हो."

त्यानं मान हलवली. पण मी त्याच्या कमरेला आहे, मला ठाऊक आहे. मागे कुणी चालत असेल, तर हाही बाजूला होणार नाही. म्हणून माझं मागणं त्याच्याकडे नाही, तुमच्याकडे आहे. उद्या तुम्ही मोठे व्हाल, गाड्या चालवाल. रस्त्यात कुणी हात आडवा करून उभा दिसला, तर मित्रांनो, तुम्ही थांबा.